पाणीकपात सुरू झाली की घरात आणि सोसायटीत काय करावं

मुंबईला पाणी देणारे तलाव सात: तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. सगळे भरले की साठा सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर होतो आणि तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचा असतो. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात झाली, ती जुलैअखेर उठली.

कागदावर कपात सगळ्यांना सारखी असते. पण दाब कमी झाला की टेकडीवरच्या आणि जलवाहिनीच्या टोकाला असलेल्या वस्त्यांना पाणी सगळ्यात कमी मिळतं. म्हणून ज्यांच्या टाक्या भरतात त्यांनी आधी हात आखडायला हवा.

आधी हिशेब करा. माणशी रोज १३५ लिटर हे नेहमीचं प्रमाण धरलं, तर चौघांच्या घराला ५४० लिटर लागतात. त्यातले १० टक्के म्हणजे ५४ लिटर. वीस लिटरच्या तीन बादल्याही नाहीत, तेव्हा हे जमण्यासारखं आहे.

मग गळती शोधा. नळाची गळती डोळ्यांना दिसते, फ्लशच्या टाकीची दिसत नाही. रात्री झोपण्याआधी टाकीत जिलबीचा खायचा रंग चिमूटभर टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडच्या भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेला आहे. प्लंबरला बोलावून तो लगेच बदलून घ्या. टाकी जुनी, मोठी असेल तर पाण्याने भरलेली लिटरची बाटली बूच लावून आत उभी करा, मात्र ती फ्लशच्या यंत्रणेला अडता कामा नये. चौघांनी दिवसात पाच-पाच वेळा फ्लश केला तर वीस लिटर तिथेच वाचतात.

पाणी शुद्ध करणारा आरओ लावला असेल तर त्याची टाकाऊ पाण्याची नळी बादलीत सोडा. ते पाणी लादी पुसायला आणि संडासात चालतं, प्यायला किंवा स्वयंपाकाला नाही. शॉवर बंद करून बादलीने आंघोळ करा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कुंड्यांना घाला.

सोसायटीत वॉचमनला विचारा, पंप कोण आणि कधी बंद करतं. गच्चीवरची टाकी भरून वाहताना सगळ्यांनी पाहिलेली असते, पण टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा बॉल कॉक बदलायचा विषय मीटिंगच्या अजेंड्यावर येत नाही. तो याच महिन्यात आणा. गाड्या पाइपने धुणं बंद, ओल्या फडक्याने पुसा.

महापालिकेच्या जलवाहिनीला थेट मोटर लावून पाणी खेचू नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय शेजारच्या चाळीचा नळ कोरडा पडतो आणि वाहिनीला चीर असेल तर आजूबाजूची घाण आत ओढली जाते.

साठवताना पिंप, हंडे झाकून ठेवा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून आतून घासून कोरडं करा. नळाला पहिली धार गढूळ आली तर ती वेगळ्या बादलीत धरून संडासाला वापरा. पिण्याचं पाणी गाळून, उकळूनच घ्या.

तरीही पाणी आलं नाही किंवा वाहिनी फुटलेली दिसली, तर महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर कळवा. पाणी किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, हे चार-पाच दिवस वहीत लिहून ठेवा. वॉर्ड ऑफिसच्या जल खात्यात गेलात की इंजिनिअर हेच विचारतात.