कुसळी गवताच्या टेकडीवर जाताना
तोरणमाळकडं सातपुड्यात त्या गोल गवताळ टेकड्या आहेत ना, तिथं दिवाळीनंतर जाणार असाल तर लोकरीचे मोजे घालू नका भो, गुळगुळीत नायलॉनची पँट बेस्ट. कुसळं वाळलेली असतात, टोक सुईसारखं अन् मागं लांब शेपटी, ओल लागली-सुकली की शेपटीचा पीळ सुटतो-बसतो आणि कुसळ स्क्रूसारखं आत घुसतं. मागं ओढलं तर निघत नाही, उलटे केस असतात त्याला, मोजा उलटा करून टोकाकडूनच ओढायचं. मी कळण्याची भाकर खायला बसलो आणि तासभर हेच करत होतो. माथा गोल असला की उतरताना सगळ्या बाजू सारख्याच दिसतात, म्हणून चढतानाच मागं वळून फोटो काढून ठेवा. पाणी खालूनच न्या.