परदेशी शिकायला गेल्यावर या चुका टाळा

सगळा आटापिटा व्हिसा हातात पडेपर्यंत चालतो. तिकडे पोहोचलं की अटींचं पत्र फाइलच्या तळाशी जातं आणि घोटाळे तिथूनच सुरू होतात. नापास झालेला पेपर पुन्हा देता येतो, पण मोडलेली अट निस्तरणं फार अवघड असतं.

कामाचे तास अंदाजाने मोजणे

सर्वांत जास्त मुलं इथे अडकतात. ऑस्ट्रेलियात सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं. पण हा पंधरवडा पगाराचा नव्हे. कुठल्याही सोमवारपासून सुरू होणारे १४ दिवस धरतात. समजा, पहिल्या आठवड्यात १५ तास केले, दुसऱ्यात ३० आणि तिसऱ्यात पुन्हा ३०. पहिल्या दोन आठवड्यांची बेरीज ४५, म्हणून आपण निर्धास्त. दुसरा आणि तिसरा मिळून मात्र ६० होतात आणि अट मोडते. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाला सहसा आठवड्याला २० तासांची मर्यादा असते आणि आठवडा सोमवार ते रविवार. या आठवड्यात १० केले म्हणून पुढच्या आठवड्यात ३० चालत नाहीत. दोन ठिकाणी काम करत असाल तर तास एकत्र धरले जातात. तिथल्या स्टुडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करायलाही बंदी आहे, त्यामुळे फ्रीलान्सिंगही नाही.

'रोखीने पैसे घेतले तर कोण बघतंय?' हा सल्ला देणाऱ्यांपासून लांब राहा. असं काम देणारा मालकच पुढे पगार बुडवतो आणि मुलं भीतीपोटी ब्र काढत नाहीत.

तास आधीच जास्त झाले असतील तर? जादा शिफ्ट आजच थांबवा, पगाराच्या पावत्या आणि शिफ्टचं वेळापत्रक जपून ठेवा आणि परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार किंवा वकील गाठा. पुढच्या अर्जात खोटी माहिती भरू नका. त्याने मूळ चुकीपेक्षा मोठं संकट ओढवतं.

न विचारता विषय सोडणे

अमेरिकेत एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ अभ्यास ठेवावा लागतो. विषय झेपत नाही, आजारपण आलं, तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा, मंजुरी घ्या आणि मगच विषय सोडा. क्रम उलटा झाला तर खरं कारणही कामी येत नाही. पत्ता बदलला तर तोही १० दिवसांत कळवायचा असतो.

कमाई नाही म्हणून टॅक्स विसरणे

अमेरिकेत एक डॉलर कमावला नसला तरी एफ-१ विद्यार्थ्याने साधारण पहिली पाच वर्षं तिथल्या कर खात्याचा फॉर्म ८८४३ भरायचा असतो. नोकरी असेल तर पगाराची पावती नीट वाचा. नियमानुसार केलेल्या कामावर या काळात सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेचे ६.२ टक्के आणि मेडिकेअर या ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याचे १.४५ टक्के सहसा कापायचे नसतात, तरी कित्येक ठिकाणी कापले जातात. आधी कंपनीकडे परत मागा, तिने नाही दिले तर कर खात्याकडून परत मिळवण्यासाठी फॉर्म ८४३ भरा.

स्थायिक होण्याचा विचार शेवटी करणे

हा विचार प्रवेश घेण्याआधीच करायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. कॅनडात शिक्षणानंतरचं वर्क परमिट एकदाच मिळतं. आठ महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सवर ते घेतलं तर पुढे दोन वर्षांची पदवी केली तरी दुसऱ्यांदा मिळत नाही. शिवाय प्रत्येक कॉलेजचा प्रत्येक कोर्स त्याला पात्र नसतो, म्हणून एजंटच्या शब्दावर न जाता सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा. पूर्णवेळ शिकत असताना केलेली नोकरी तिथल्या कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासच्या (कामाच्या अनुभवावर कायम निवास देणारी योजना) अनुभवात धरत नाहीत. ब्रिटनमध्येही नोकरीच्या व्हिसावरून कायम निवासासाठी अर्ज करताना स्टुडंट व्हिसावरची वर्षं मोजत नाहीत.