पोट्टी वयापेक्षा जास्त हुशार वाटून राहिली? मग आधी हे करा

पहिलीतली पोट्टी घडाघडा पेपर वाचून राहिली, तीन आकडी बेरजा तोंडी करून राहिली की घरात लगेच क्लासचा विषय निघतो. माझं म्हणणं, थांबा जरा. एक वही करा आणि महिनाभर ती काय प्रश्न विचारते, कशापायी जेवण विसरते, कुठे चिडते ते लिहा, पुढे सायकॉलॉजिस्टकडे जायची वेळ आली तर हीच वही कामी पडते.

आयक्यू टेस्ट करायची तर ट्रेन्ड माणसाकडूनच, मोबाईलवरची नको. सरासरी 100 धरतात आणि 130 च्या वर शंभरात साधारण दोनच मुलं असतात, पण तो आकडा पाहुण्यांना सांगत बसू नका. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी 1978 मध्येच मांडलं होतं की नुसती बुद्धी पुरत नाही, कल्पकता पाहिजे आणि हातातलं काम न सोडायची चिकाटी पण.

ही चिकाटी यावी म्हणून पुढच्या वर्गाचं पुस्तक देण्यापेक्षा एकच प्रश्न खोल जाऊ द्या. आम्ही मुलीला नागपूरच्या झिरो माईलला, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या अंतराच्या खांबापाशी, नेलं. तिथे गावांची अंतरं मैलात कोरली आहेत, तिने ती उतरवली, घरी येऊन 1.6 ने गुणून किलोमीटर काढले, मग मोबाईलवरच्या अंतराशी जुळेना तर आठ दिवस तेच, रस्ता बदलला का, मोजलं कुठून, सरळ रेषेत मोजलं का. आम्ही उत्तर दिलं नाही, हे फार जड जातं पण करा. रमण विज्ञान केंद्रातही असंच, एका दिवसात सगळं दाखवायची घाई नको, एकाच मॉडेलपाशी तासभर थांबली तर थांबू द्या.

आता कौतुकाचं. मी सारखं "किती हुशार गं माझी बाई" म्हणायची, आणि बुद्धिबळात दोनदा हरल्यावर तिने पट उघडणंच सोडलं. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या 1998 च्या प्रयोगात हेच दिसलं होतं, हुशारीचं कौतुक झालेली मुलं अवघड कोडी आल्यावर लवकर हात टेकतात. म्हणून "तिसऱ्यांदा वेगळ्या रीतीने करून पाहिलंस ना" असं नेमकं बोला.

शाळेत बाईंना "तिला बोअर होतं" म्हणू नका, त्यांच्यासमोर अख्खा वर्ग असतो. तीच वीस गणितं करण्याऐवजी पाच अवघड देता येतील का, एवढंच विचारा.

आणि ती ग्रहांवर दहा वर्षांच्या मुलीसारखी बोलली तरी पेन्सिल हरवल्यावर सहा वर्षांचीच होऊन रडेल, तेव्हा "एवढं समजतं तुला अन् रडतेस काय" म्हणू नका, जवळ घ्या आणि पेन्सिल शोधा.