पाडव्याच्या गर्दीत पैसे कसे स्वीकारावेत
गुढीपाडव्याच्या सकाळी साखरेच्या गाठी, कडुलिंबाचे डहाळे आणि झेंडूच्या माळा घेणाऱ्यांची गर्दी दोन-तीन तासांतच उसळते, म्हणून विक्रेत्याने क्यूआर कोड आदल्या दिवशीच ठळक जागी लावून एक रुपयाचा व्यवहार करून पाहावा. ग्राहकाने दाखवलेला मोबाइलचा पडदा पुरावा मानू नये. साउंडबॉक्सची घोषणा ऐकावी किंवा स्वतःच्या खात्यातील नोंद पाहावी. पैसे स्वीकारताना यूपीआय पिन कधीच लागत नाही. नेटवर्क कोलमडले, तर दहा-वीसच्या नोटा हाताशी असाव्यात. सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट देण्याची खोड निदान सणाच्या दिवशी तरी नको. सराफांनी मात्र एका ग्राहकाकडून एका दिवसात २ लाख रुपये किंवा अधिक रोख घेऊ नये, कारण आयकर कायद्यानुसार घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो.