पोराचे टप्पे बघायचे कसे, परीक्षा न घेता

माझा मोठा दोन वर्षांचा झाला तेव्हा जेमतेम सात-आठ शब्द बोलायचा आणि घरात सगळ्यांचं एकच पालुपद, अगं मुलगे उशिराच बोलतात, त्याचा बाबा पण तीन वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडत नव्हता आता बघ. मी पण गप्प बसले. कान तर चांगलेच आहेत असं आम्ही धरूनच चाललो होतो कारण कुकरची शिट्टी झाली की पठ्ठ्या लगेच वळून बघायचा. मग एकदा माझी बहीण आलेली, तिने त्याच्या पाठीमागे उभं राहून हळूच 'चॉकलेट' म्हटलं, ढिम्म हलला नाही. कानाच्या डॉक्टरकडे गेलो तेव्हा कळलं की सारख्या सर्दीने पडद्यामागे पाणी साठलं होतं, म्हणजे शिट्टी, दाराची बेल, हॉर्न सगळं ऐकू येतं पण हळू बोललेलं नीट पोचतच नाही, आणि जे धड ऐकूच येत नाही ते पोर बोलणार कुठून. इलाज झाला, आता सात वर्षांचा आहे आणि जरा गप्प बस रे म्हणून ओरडावं लागतं. पण ते मधले सहा-सात महिने फुकट गेले ते गेलेच.

म्हणून धाकटीच्या वेळी मी एक केलं. दुधाच्या हिशोबाची वही ओट्यावरच असते, तिच्या मागच्या पानांवर लिहायला लागले. रोज नाही, दिसेल तेव्हा एक ओळ आणि तारीख. "आज स्वतः चप्पल घातली, उलटी." "बाबा भूर म्हणाली." बस एवढंच. समोर बसवून नाक कुठंय, डोळा कुठंय, ए फॉर काय असं विचारत बसू नका, पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही, पोर लाजतं किंवा वैतागतं आणि आपण उगाच टेन्शन घेतो.

आता ते कितव्या महिन्यात काय यायला पाहिजे याचे चार्ट. नेटवर सगळीकडे फिरणारे बरेचसे सीडीसी म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या यादीवरून केलेले असतात आणि ती यादी २०२२ मध्ये बदलली हे कोणी सांगत नाही. आता तिथे प्रत्येक वयासमोर लिहिलेली गोष्ट म्हणजे त्या वयाची निदान ७५ टक्के मुलं करतात ती. म्हणजे तो काही पहिला नंबर नाही, बहुतेकांना जमतं ते आहे, त्यामुळे एखादी गोष्ट नसेल तर घाबरायचं नाही पण डॉक्टरांच्या कानावर घालायचं. चालायचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने भारतासकट पाच देशांतल्या मुलांवरून काढलेला पल्ला आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत आहे, एवढा मोठा! शेजारची दहाव्या महिन्यात चालली म्हणून तुमचं तेरा महिन्यांचं बाळ मागे नाही. अठरा पूर्ण होऊनही आधाराशिवाय चालत नसेल तर मात्र दाखवा. आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, समजा दोन महिने आधी झालंय, तर दोन वर्षांपर्यंत वयातून ते दोन महिने वजा करून बघायचं.

दीड वर्षाच्या आसपास मी शब्दांपेक्षा बोट बघायला सांगेन. बिस्किटाच्या डब्याकडे बोट करून ऊं ऊं करणं वेगळं, ते मागणं झालं. गॅलरीतून चांदोबा किंवा गाय दिसली की बोट दाखवून तुमच्या तोंडाकडे बघणं, म्हणजे तू पण बघ ना, हे खरं मोठं काम आहे. ते दिसत नसेल, नावाने हाक मारली तरी बघत नसेल, तर शब्द किती आहेत ते मोजत बसू नका, डॉक्टरांकडे जा, ते वीस प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतात, दहा मिनिटांचं काम. याच वयात "वाटी आण" म्हणून बघा पण हात, डोळे, मान काही न हलवता, आपण नकळत वाटीकडे बघतो आणि पोरं आपल्या नजरेवरून ओळखतात, हुशार असतात.

शब्द मोजताना बायका फार कंजुषी करतात. भूभू, हम्मा, मम्म, भूर, गाईगाई, बाप्पा हे सगळे शब्दच आहेत, फक्त दर वेळी त्याच गोष्टीला तेच म्हणायला पाहिजे. घरात मराठी आणि सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलत असतील तर दोन्हीकडचे मिळून मोजा. दोन भाषांमुळे पोर उशिरा बोलतं असं काही नसतं, त्यासाठी मराठी बंद करून इंग्लिश सुरू करायचा सल्ला कोणी दिला तर सरळ सोडून द्या. दोन वर्षांचं होईपर्यंत दोन शब्द जोडून यायला लागतात, "दूध दे", "बाबा भूर". अडीचला साधारण पन्नासेक शब्द, आणि दोन्ही पाय उचलून उडी, पावसाळ्यात डबकं दिसलं की ही परीक्षा आपोआप होते. तीनला घराबाहेरच्या माणसाला, म्हणजे वॉचमनकाकांना वगैरे, त्याचं बोलणं बरंचसं कळलं पाहिजे. "र" चा "ल" होत असेल तर होऊ दे, त्याला अजून वेळ आहे.

तीन-चारच्या दरम्यान पोरं चुकीचं बोलायला लागतात आणि ते मला सगळ्यात आवडतं. "मी करलं", "बाबा जाला". केलं, गेला हे आपण बोलतो तेच ऐकून बोलत असतं तर "करलं" कुठून आलं? त्याने स्वतःच नियम लावला ना, बसलं तसं करलं. आमचा मोठा दिवसभर माझ्या आणि आजीच्या मागे, त्यामुळे बरेच महिने "मी येते, मी जेवते" करायचा, आत्या हसायची, पुढे आपोआप सुटलं. हसू नका आणि असं नाही असं म्हण म्हणून अडवू पण नका, फक्त उत्तरात बरोबर शब्द वापरा, "हो का, तू केलंस?" झालं. चिऊ-काऊची गोष्ट रोज सांगा आणि दार उघडायच्या जागी आपण थांबा, पुढचं ते म्हणतं.

आकड्यांचं तर विचारू नका. वन टू हंड्रेड म्हणून दाखवणारी साडेतीन वर्षांची मुलं असतात, त्यांना म्हणा तीन शेंगदाणे दे, मूठभर देतात. घडाघडा म्हणणं म्हणजे गाणं, मोजणं वेगळं. पोळ्या वाढताना "आजोबांना दोन दे" हे करून घ्या. दहापर्यंत मोजणं पाच वर्षांपर्यंतचं आहे, आणि नवीन शैक्षणिक धोरणात पहिलीलाच सहा पूर्ण म्हटलंय, मग ज्युनिअर केजीत पानंच्या पानं लिहून घेण्याची घाई कशाला ते मला कळत नाही. बोटांत जोर नसतो हो त्यांच्या. आधी मटार सोलू द्या, कणकेचा गोळा द्या, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढू द्या. मी धाकटीला अर्धा किलो मटार दिले होते, पाऊण तासात अकरा शेंगा सोलल्या, त्यातले निम्मे दाणे खाल्ले, पण दोन बोटांची चिमूट छान बसली. खडूने तीनला दाखवल्यावर गोल जमतो, चारच्या सुमाराला अधिकचं चिन्ह, पाचला त्रिकोण, त्या आधी अक्षर गिरवायला लावलं की हात दुखतो आणि पेन्सिलचाच राग येतो.

मोबाईलचं थोडक्यात, दोन वर्षांखाली नाही, त्यापुढे दिवसाला फार तर एक तास. जेवताना मोबाईल दाखवून मीही भरवलंय, उपदेश करत नाही, पण त्या वेळात घरात कोणी कोणाशी बोलत नाही हे खरं आहे.

वाट बघायची नाही अशा गोष्टी थोड्याच. वर्षाचं होऊनही बाबा-दादा असं बडबडत नाही, सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही, दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी येत होतं ते बंद झालं. बोलत होतं आणि बोलेनासं झालं तर त्याच आठवड्यात दाखवा. बोलणं उशिरा असेल तर सगळ्यात आधी कानाची तपासणी मागून घ्या, डॉक्टर म्हणाले ऐकू येतंय वाटतं तरी. खाजगीत थेरपी महाग पडते, पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून सरकारी योजना आहे, २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झालेली, तिची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येते आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवते, तिथे फुकट बघतात. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना तारीख विचारून ठेवा. पोर अंगणवाडीत नसलं तरी विचारायला काय जातंय.

आणि जाताना ती वही न्या, सोबत मोबाईलमध्ये घरचे दोन-तीन छोटे व्हिडिओ, जेवतानाचा, खेळतानाचा, कारण डॉक्टरसमोर पोर हमखास आईच्या ओढणीत तोंड घालून बसतं. व्हिडिओ काढताना आपण मात्र तोंड बंद ठेवा. मी नेलेल्या पहिल्या व्हिडिओत दीड मिनिट फक्त मीच बोलत होते, "बोल ना, बोल ना रे, काय म्हणतोस, बोल", आणि डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, त्याला चान्स कधी देताय?