ईआरटीत नाव आलंय? आधी हा एक आवाज ओळखायला शिका

नवी मुंबईत रबाळे, महापे, तुर्भे या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कुठल्याही कंपनीत लागलात की कधीतरी सेफ्टीवाले तुमचं नाव ईआरटीच्या, म्हणजे आणीबाणीत धावणाऱ्या टीमच्या, यादीत टाकतात. विचारत वगैरे नाहीत. बोर्डवर यादी लागते, नावापुढे ‘फर्स्ट एडर’ असतं आणि कँटीनमध्ये पोरं चिडवायला लागतात, “डॉक्टर, डोकं दुखतंय!” कारखाना कायद्याच्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) ४५व्या कलमानुसार दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारा प्रमाणपत्रधारक माणूस लागायचा. तो माणूस आता तुम्ही.

सीपीआरचे, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबण्याचे, आकडे प्रथमोपचाराच्या कोर्सात पाठ होतीलच: मिनिटाला १०० ते १२० कॉम्प्रेशन (छातीवरचे दाब), खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांनंतर २ श्वास. ते मी उगाळत नाही. मला ज्याने गाठलं ते प्रकरण वेगळं आहे आणि त्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

हृदय बंद पडलेला माणूस दर वेळी लगेच निपचित पडत नाही. मेंदूच्या तळाशी थोडा जीव असतो, तोवर तो अधूनमधून जबडा उघडतो आणि घशातून घोरल्यासारखा, कण्हल्यासारखा आवाज काढतो. पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखं तोंड हलतं. याला गॅस्पिंग म्हणतात. काही मिनिटं चालतं, मग थांबतं. त्याने फुप्फुसांत कामाची हवा जात नाही. पण बघणाऱ्याला वाटतं, चला, श्वास चालू आहे.

आमच्या गेटवर मे महिन्यातल्या दुपारी एक टेम्पोचालक चलान घेऊन उभा होता. उभ्याचा खाली बसला आणि आडवा झाला. हातपाय काही सेकंद झटकले. वॉचमन ओरडला, “फिट आलीय, कांदा आणा!” एकाने तर पायातली चप्पल काढलीही. (हृदय बंद पडतानाही असे झटके येतात. आणि खरी फिट असली तरी कांद्याने काही होत नाही.) मग तो मोठ्याने घोरला. “घेतोय, श्वास घेतोय,” सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, हे कोर्सातलं डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून मी त्याचा खांदा धरला. तेवढ्यात ओएचसीचे (कंपनीतल्या दवाखान्याचे) ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, धावत आले, छातीकडे बघितलं, माझा हात बाजूला केला आणि दाबायलाच लागले. “हा श्वास नाही रे, गॅस्प आहे. एईडी आण!” (एईडी म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र.) पुढे ट्रान्सपोर्टरकडून कळलं, अँजिओप्लास्टी झाली, माणूस गावी गेला.

तर ओळखायचं कसं? दोन्ही खांदे थोपटून मोठ्याने हाक मारा. ओ नाही, तर नजर तोंडावरून काढा आणि छाती-पोटावर ठेवा. कान बंद केले तरी चालतील, आवाजच फसवतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात, म्हणजे १० सेकंदांत दोन-तीन वेळा तरी छाती शांतपणे वर-खाली व्हायला हवी. एकदाच हलली, नुसता जबडा हलला, किंवा तुम्हाला ठरवता येत नाहीये, तर श्वास नाही असंच धरा आणि कॉम्प्रेशन सुरू करा. १० सेकंदांपेक्षा जास्त बघत बसू नका. नाडी तर शोधूच नका. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटातले ठोके लागतात.

“हृदय चालू असताना दाबलं तर?” हे प्रत्येक नवा विचारतो. तो कण्हेल, तुमचा हात ढकलेल, तुम्ही थांबाल. त्यातून गंभीर इजा होणं दुर्मीळ आहे. बरगडी मोडू शकते, तसा आवाजही येतो, तरी थांबायचं नाही. न दाबता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. संध्याकाळी ठाणे-बेलापूर रोडवर १०८ किती मिनिटांत पोहोचेल, याचा हिशोब तुम्हीच करा. मास्क नसेल तर तोंडाने श्वास देण्यावरून अडू नका. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य लोकांसाठी आखलेल्या पद्धतीतही फक्त कॉम्प्रेशनच आहेत. दर २ मिनिटांनी माणूस बदला. एईडीचे पॅड लावण्याआधी छाती पुसा, आपल्याकडे घाम नाहीतर पाऊस असतोच.

आता माझं एक मत, पटलं तर घ्या. अर्ध्या दिवसाचा कोर्स, हॉलभर माणसांत एक मॅनिकिन (सरावाचा पुतळा) आणि शेवटी प्रमाणपत्रासोबत ग्रुप फोटो, हा प्रकार ऑडिटसाठी असतो. तुमच्या हातांना त्यातून काही कळत नाही. व्हिडिओ बघून तर त्याहून कमी. सूटबूट घालून येणाऱ्या ट्रेनरपेक्षा नाइट शिफ्टच्या ब्रदरला धरा. चहा पाजा, आणि महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर पूर्ण २ मिनिटं मॅनिकिन दाबा. दुसऱ्या मिनिटाला हात कसे ढिले पडतात ते तेव्हाच कळतं.

एका बाबतीत मात्र मी कोणालाच धीर देणार नाही. ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रियेच्या) टाकीत किंवा कुठल्याही वेसलमध्ये, म्हणजे बंद भांड्यात, कोणी कोसळला तर मागोमाग उतरायचं नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, वास येणंच बंद होतं. नायट्रोजनला तर वासच नसतो. उतरणारा पहिल्याच्या अंगावर पडतो. अलार्म, ब्लोअर, बीए सेट (श्वासासाठी स्वतःची हवा देणारा संच) घातलेली टीम, हाच क्रम.

बाकी गोष्टी खरंच सोप्या आहेत, टेन्शन घेऊ नका. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं; टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही. अंगावर केमिकल पावडर सांडली तर कोरडी झटका, दूषित कपडे काढा, मग भरपूर पाणी. रक्त वाहत असेल तर थेट जखमेवर दाब, आणि दर मिनिटाला उचलून बघायचा मोह टाळा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणाऱ्याला मात्र बेलाशक हात धरून मागे ओढा.

१०८ची गाडी आली की डॉक्टर पहिलं विचारतात ते वेळेचं: कधी कोसळला, सीपीआर कधी सुरू केला, शॉक किती दिले, टूर्निके (रक्त थांबवायला हातापायाला आवळलेला पट्टा) बांधला असेल तर कधी. पेन खिशात ठेवा, ग्लोव्हवरच लिहा. आणि गेटबाहेर रस्त्यावरच्या अपघातात मदत केलीत तर पोलिसांच्या लफड्याची भीती नको: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १३४अ कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही.