अमेरिकेत पहिलीचा वर्ग मिळालाय? मग त्या स्क्रिप्टशी जमवून घ्या, पण बेताने

भारतातून बी.एड. करून आलेल्या, लायसन्सची खटपट संपवून इथे पहिली-दुसरीला शिकवायला लागलेल्या मैत्रिणी हमखास विचारतात, "टीचर्स गाइडमधलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचं?" तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) स्क्रिप्टेड वाचन कार्यक्रम घेतला असेल तर हो, तीच अपेक्षा असते. तुम्ही काय बोलायचं, मुलांनी काय उत्तर द्यायचं, चुटकी कधी वाजवायची, सगळं छापलेलं असतं. मागे लिटरसी कोच, म्हणजे वाचन कसं शिकवताय ते बघून सल्ला देणारी शिक्षिका, वही घेऊन बसलेली असते. तिच्या तोंडी एकच शब्द: फिडेलिटी, म्हणजे छापलेलं जसंच्या तसं पाळणं.

हे नवीन नाही. झिगफ्रीड एंगलमन यांचा 'डिस्टार' हा असाच स्क्रिप्टेड कार्यक्रम १९६० च्या दशकातला. २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' या शिक्षण कायद्यातून 'रीडिंग फर्स्ट' या वाचनासाठीच्या सरकारी योजनेचा पैसा आला आणि असे कार्यक्रम गरीब वस्त्यांतल्या शाळांत आणखी पसरले. त्या योजनेचा २००८ चा सरकारी अहवाल जरूर वाचा. पहिलीच्या मुलांचं शब्द फोडून वाचणं सुधारलं होतं. आकलनाच्या चाचणीत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. स्क्रिप्ट कुठे पाळायची आणि कुठे सोडायची, हे मी त्यावरूनच ठरवते.

ध्वनींच्या धड्यात एक शब्दही बदलू नका. विशेषतः चूक सुधारण्याच्या ओळी: "माझी पाळी, आता सगळे मिळून, आता तुम्ही." नवशिक्या शिक्षिका इथेच समजावत बसतात, तोवर मूल भलतीकडे बघू लागतं. आणि आपल्यासाठी खास सूचना. आपली जीभ व्यंजनाला 'अ' चिकटवते. 'ब, ॲ, ट' म्हटलं तर मुलाला 'बॅट' जोडता येत नाही. 'ब्' नुसता, तुटक हवा. 'म्', 'स्' हे ध्वनी लांबवता येतात, त्यांच्यावर आधी सराव करा. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आरशासमोर म्हणून बघा: पहिल्याला दात ओठाला टेकतात, दुसऱ्याला ओठ गोल होतात. मुलं तुमच्या तोंडाकडेच बघत असतात.

गोष्टीच्या तासाला मात्र छापील प्रश्न मला फारच पातळ वाटतात. "कुत्रा कुठे गेला?" याचं उत्तर चित्रातच दिसतं. तिथे मी दोन प्रश्न गाळते आणि "तो का गेला असेल?" विचारून थांबते. ज्या मुलांच्या घरी स्पॅनिश किंवा तेलुगू बोलतात, त्यांना बोलायला तीच एक फट मिळते. हा बदल कोचला आधी सांगून करा, जमल्यास ईमेलवर. पहिल्या वर्षी नोकरी कच्ची असते, उगाच वाद नको.

मुलाखतीत स्क्रिप्टबद्दल मत विचारलंच तर "आवडते" किंवा "आवडत नाही" असं उत्तर देऊ नका. मूल अडखळलं की नेमकं काय कराल, ते करून दाखवा.